वजनासाठी आणलेलं बाळ : सामाजिक माघारीच्या खुणांचा एक प्रकरण अभ्यास

बाळाला दाखवायला आणलं होतं ते वजनासाठी. मुलगी, वय ६ महिने. पण जन्म ३४व्या आठवड्यातला, त्यामुळे अपेक्षित तारखेपासून मोजलेलं, म्हणजे सुधारित वय साडेचार महिने. जन्मवजन १९०० ग्रॅम. श्वास मधेच थांबायचा म्हणून सुरुवातीचे सुमारे तीन आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. आजचं वजन ५६०० ग्रॅम. गेल्या महिन्यातली वाढ जेमतेम १८० ग्रॅम. या वयात ती दुप्पट तरी हवी. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘वजनवाढ कमी. विकास वयानुसार. बाळ शांत.’

वजनाचं काय झालं ते पुढे येईलच. इथे मुख्यतः बोलायचं आहे ते त्या शांतपणाबद्दल.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे, कुठल्याही एका खऱ्या कुटुंबाचं नाही. मापनपद्धती, तपासण्या आणि संशोधनाचे उल्लेख मात्र खरे आहेत.)

घरच्यांचं म्हणणं

आई, वडील, आजी आणि ५ वर्षांचा दादा असे सगळेच आले होते. तक्रार एकच : दूध कमी पिते. रडण्याबद्दल विचारलं तर वडील म्हणाले, “त्रास काहीच नाही हो हिचा. ठेवाल तिथे पडून राहते.” आजींनी पुस्ती जोडली, “हिच्या दादाने आम्हाला रात्र रात्र जागवलं होतं. ही फार गुणी आहे.” आई मधे बोलली नाही. बाटलीवरच्या खुणा बघून ती एका वहीत आकडे लिहीत होती.

रडणारं बाळ मोठ्यांना धावपळ करायला लावतं. जे बाळ फारसं मागतच नाही, त्याच्यासाठी अपरात्री कुणी डॉक्टरांना फोन करत नाही. तपासणाऱ्यालाही ते सोयीचं असतं. हातपाय झाडत नाही, स्टेथोस्कोप ओढत नाही, पाच मिनिटांत काम उरकतं. माघार घेतलेली, म्हणजे माणसांशी संपर्कातून मागे सरलेली बाळं नजरेतून सुटतात ती बहुतेक वेळा यामुळे. ती केवळ हेळसांड होणाऱ्या घरांतच सापडतात, हा समज चुकीचा आहे. त्या समजाला इतिहास आहे. मनोविश्लेषक रेने स्पिट्झ यांनी १९४५-४६ मध्ये संस्थांमध्ये वाढणाऱ्या, आईपासून तुटलेल्या बाळांची जी वर्णनं केली, ती इतकी हादरवणारी होती की ‘मिटलेलं बाळ म्हणजे मायेला पारखं झालेलं बाळ’ हे समीकरण डोक्यात बसलं. या घरात मायेचा तुटवडा नव्हता.

आईला एक प्रश्न मुद्दाम विचारला, “ती हसते तेव्हा कशामुळे हसते?” बाळ हसतं का, असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ येतं, कशामुळे, असं विचारलं की माणूस आठवू लागतो. आई थांबली. “मागे हसायची. हल्ली... हल्ली मी बघितलं नसेल नीट.”

ही नोंद महत्त्वाची होती. न उमललेलं हसू आणि येऊन गेलेलं हसू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची चौकशी अधिक तातडीने करावी लागते.

टेबलावर

निरीक्षणाची वेळ आधी साधावी लागते. भुकेलं, पेंगुळलेलं किंवा ताप आलेलं बाळ कुणाशीच बोलत नाही. दूध होऊन पाऊण तास झाला होता, झोपही झाली होती, म्हणून नेहमीची तपासणी करतानाच हे बघायचं ठरवलं. वेगळी खेळणी लागत नाहीत. बाळाशी बोलायचं, हसायचं, हात लावायचा आणि मग थांबायचं. माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग हे थांबणंच आहे. बाळाने काही केलं नाही की मोठं माणूस लगेच दुसरं काहीतरी करतं, आणि पहिल्या गोष्टीचा प्रतिसाद यायचा होता की नव्हता हे कधी कळतच नाही.

मी तिच्यावर वाकून नावाने हाक मारली. तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकत दिव्याकडे गेली आणि तिथे राहिली. चेहरा रडवेला नव्हता, घाबरलेला नव्हता, कोराच होता. पुन्हा हाक मारली आणि गप्प राहिलो. मनात दहापर्यंत आकडे मोजून झाल्यावर भुवया किंचित हलल्या, नजर क्षणभर माझ्याकडे आली, परत गेली. पोटावर थंड स्टेथोस्कोप टेकला तेव्हाही दचकणं उशिरा आणि अर्धवट. हातपाय हलत होते, पण हलायचे तेव्हा एकदा हलून थांबायचे. आवाज अगदी थोडे, तेही कुणाला उद्देशून नव्हेत. मान धरणं, हात मध्यावर आणणं हे वयाप्रमाणे होतं, म्हणजे चिठ्ठीतलं ‘विकास वयानुसार’ खोटं नव्हतं. स्नायूंचा विकास आणि माणसांत रमणं एकाच गतीने चालतील असं नाही, एवढंच.

बाळाने नजर वळवणं ही मुळात निरोगी गोष्ट आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये आई-बाळाच्या चित्रफिती बारकाईने पाहून दाखवलं की बाळ काही क्षण रमतं, काही क्षण नजर फिरवून विसावतं, परत येतं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात मांडलेल्या ‘निश्चल चेहरा’ प्रयोगात आई थोडा वेळ मुद्दाम भावशून्य चेहऱ्याने बसते. बाळ आधी तिला हसून, आवाज काढून, हात पुढे करून ओढून आणायचा प्रयत्न करतं, आणि जमलं नाही की तोंड फिरवतं. तेव्हा तोंड फिरवणं हे लक्षण नव्हे. परत न येणं हे लक्षण. किती वेळाने परत येतं, कुणाकडे येतं आणि एका दिवसापुरतं आहे की आठवडे चाललं आहे, हे बघायचं असतं.

मग अनपेक्षित काहीतरी घडलं. कंटाळलेला दादा पडद्यामागे गेला, डोकं बाहेर काढलं, परत लपला. त्याचं माझ्याकडे किंवा बहिणीकडे लक्षही नव्हतं. टेबलावरच्या मुलीने मान त्या दिशेला वळवली. पडदा हलला, डोकं आलं, गेलं. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडाचा कोपरा वर गेला. पूर्ण हसू नव्हतं, पण डोळेही त्यात होते. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवलं, कारण त्यातून दोन गोष्टी कळत होत्या. तिला दिसतं आणि माणसाचा चेहरा तिला हवासा वाटू शकतो, ही एक. आणि जो तिच्याकडून काहीही मागत नव्हता त्याच्याकडे ती वळली, ही दुसरी. दुसरीचा अर्थ मला त्या दिवशी लागला नव्हता.

गुण आणि त्यांचा अर्थ

फ्रेंच बालमनोविकारतज्ज्ञ आंत्वान गेदने यांनी अशा निरीक्षणासाठी एक मोजपट्टी तयार केली. ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘अलार्म डिस्ट्रेस बेबी स्केल’, संक्षेपात एडीबीबी. २ ते २४ महिन्यांच्या बाळांसाठी. आठ बाबी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ३२. ५ किंवा अधिक गुण आले तर पुढे बघायला हवं. पाच बाबींची एक छोटी आवृत्तीही आहे. दोन्ही वापरण्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, चित्रफितींवर सराव करावा लागतो. वाचून थेट वापरायची ही गोष्ट नाही, आणि पालकांनी घरी गुण देत बसायची तर नाहीच नाही.

आमच्या नोंदी अशा : चेहऱ्यावरचे भाव २, नजरभेट २, एकूण हालचाल १, स्वतःलाच चाळवत राहणाऱ्या हालचाली ०, आवाज १, प्रतिसादाचा वेग २, नातं जोडण्याची क्षमता १, निरीक्षकाला वाटणारी ओढ १. एकूण १०.

आठवी बाब नवख्यांना खटकते. बाळाशी संपर्क टिकवायला निरीक्षकाला किती कष्ट पडले, त्यातून आनंद झाला का, याला गुण द्यायचे. हे कसलं मोजमाप, असं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. तपासताना आपलं मन दुसऱ्या रुग्णाकडे भरकटू लागलं, बाळावर वाकलेले आपण नकळत सरळ झालो, की ती बाळाबद्दलचीच माहिती असते. जे माझं दहा मिनिटांत झालं ते घरातल्यांचं महिनोन् महिने होत असणार. वडिलांना त्याबद्दल विचारलं. ते जरा कसनुसं हसले. “कामावरून आल्यावर मी हाक मारायचो आधी. ती बघतच नाही. मग म्हटलं, झोपू दे तिला.” बाळ मागे सरतं, समोरचा दुखावून मागे सरतो, मग बाळाला बाहेर यायला कारणच उरत नाही. किंवा समोरचा मागे सरण्याऐवजी दुप्पट जोराने पुढे येतो. या घरात दोन्ही चाललं होतं.

१० गुण म्हणजे निदान नव्हे. ताप मोजल्यासारखं आहे ते. काहीतरी आहे एवढं कळतं, काय आहे ते नाही. स्वमग्नता म्हणजे ऑटिझमचा प्रश्न वडिलांनी त्याच भेटीत विचारला. साडेचार महिन्यांच्या बाळाबद्दल त्याचं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही, आणि देऊही नये. ऑटिझमचे संशोधक वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की ज्या बाळांना पुढे ऑटिझमचं निदान झालं त्यांचं डोळ्यांकडे बघणं २ ते ६ महिन्यांच्या काळात कमी होत गेलं होतं. पण ते प्रयोगशाळेतल्या यंत्राने टिपलेलं, गटांच्या पातळीवरचं निरीक्षण आहे. एका बाळावर लावायचं नाही. वडिलांना सांगितलं ते इतकंच : प्रश्न बंद करत नाही, पण आज जे दिसतंय त्याची बदलता येण्याजोगी कारणं आधी शोधू.

शरीराची चौकशी

इथे घाई चालत नाही आणि टंगळमंगळही चालत नाही. हसू हरवल्याची शंका असली की पहिला विचार आकडीचा. ‘इन्फंटाइल स्पाझम्स’ नावाच्या आकड्या बहुतेक वेळा याच वयात सुरू होतात. बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा दुमडल्यासारखं होतं, घरच्यांना ते पोटात दुखतंय किंवा दचकतंय असं वाटतं, आणि माणसांतला रस आटणं ही त्याची एक खूण असू शकते. नीट विचारून घेतलं, झोपेतून उठतानाचे व्हिडिओ मागवून पाहिले. तसं काही नव्हतं. असतं तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी.

श्रवण : घरी जाताना केलेली ओएई तपासणी (आतल्या कानाची चाळणी तपासणी) ठीक होती, पण एनआयसीयूत राहिलेल्या बाळात तेवढ्यावर थांबता येत नाही, कारण कानातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जामार्गाचा दोष ओएईत निसटतो. म्हणून त्या मार्गाची तपासणी, बेरा, केली; ठीक. डोळे ठीक, थायरॉइड ठीक. बी-१२ची पातळी पाहिली, कारण तिच्या कमतरतेत बाळ मलूल होतं, शिकलेलं विसरू लागतं, तीही ठीक.

हिमोग्लोबिन ८.७, म्हणजे कमी; लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन खूप कमी. वेळेआधी जन्मलेल्या बाळाकडे लोहाचा साठा अपुरा असतो, म्हणून त्याला पहिल्या महिन्यापासून लोहाचे थेंब देतात. हिचे सुरू केले होते, पण शौचाला घट्ट होऊ लागली आणि थेंबांनंतर उलटी व्हायची म्हणून दोन महिन्यांपासून बंद होते. लोहाची कमतरता असलेली बाळं जास्त बिचकणारी, कमी खेळकर असतात, हे बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझॉफ यांच्या दीर्घ संशोधनातून पुढे आलेलं आहे. म्हणजे एक कारण सापडलं. रोज प्रतिकिलो ३ मिलिग्रॅम लोह सुरू केलं.

इथेच फाइल मिटवण्याचा मोह होतो. रक्त कमी म्हणून बाळ मलूल. थेंब द्या, महिन्याने या. पण पडद्यामागचा दादा मनातून जात नव्हता. मलूल बाळ सगळ्यांपुढे सारखंच मलूल असायला हवं.

व्हिडिओत काय दिसलं

वडिलांना घरी दोन छोटे व्हिडिओ काढायला सांगितले होते, एक दूध पाजतानाचा, एक खेळतानाचा.

दूध पाजताना आई बाळाला छातीशी धरून बसलेली. बाटली तोंडात. बाळ काही घोट घेतं आणि मान डावीकडे वळवतं. बाटली डावीकडे जाते. मान उजवीकडे, बाटली उजवीकडे. बाळ जीभ पुढे ढकलतं. आई हनुवटीला हलका आधार देऊन बाटली परत आत. मग काय होतं ते हळू गतीने बघितलं. बाळाचे हात खाली पडतात, डोळे एका जागी थिजतात, ओठ यंत्रासारखे हलू लागतात. त्या क्षणाला आईचा आवाज येतो, “हां, आता पितेय बघ.”

बाल-मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९८२ मध्ये बाळांच्या स्वसंरक्षणाच्या ज्या रीती वर्णिल्या, त्यात अवघ्या तीन महिन्यांच्या बाळाचं टाळणं आहे आणि थिजणंही आहे. त्यांची बाळं फार बिकट परिस्थितीतली होती. हे घर तसं नव्हे. पण क्रम ओळखीचा वाटला. नाही म्हणून पाहिलं, ऐकलं गेलं नाही, मग बाळ आतल्या आत निघून गेलं. आणि ते निघून जाणंच घरच्यांना सहकार्य वाटत होतं.

खेळतानाच्या व्हिडिओत आई खुळखुळा वाजवते, गाते, पोटाला गुदगुल्या करते, चेहरा अगदी जवळ नेते, पुन्हा खुळखुळा. कुठेही फट नाही. कोरा चेहरा बघून ती आणखी जोर लावते. तिला कुणीतरी सल्ला दिला होता की बाळ कमी प्रतिसाद देतंय तर त्याला ‘जास्त खेळवा, जास्त बोला’. माघार दिसली की हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि काही घरांत तो बरोबरही असतो. पण बाळ कशापासून माघार घेतंय हे बघितल्याशिवाय तो देऊ नये. इथे तो आगीत तेल ओतणारा ठरला होता.

आईला दोष देण्यासारखं यात काही नाही. ती हे शिकली होती एनआयसीयूत. तिथे प्रत्येक मिलिलिटर मोजायचा होता, यंत्राने सूर बदलला की बाळाला हलवून जागं करायचं होतं. तिथे ते योग्य होतं. घरी आल्यावर ‘आता थांबलं तरी चालेल’ हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. रोज ८४० मिलिलिटर हा आकडा तिच्या वहीच्या प्रत्येक पानावर वर लिहिलेला होता. बाळ ६२० घेत होतं. रात्री ती दोन-तीनदा उठून श्वास बघायची. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीत तिचे ३० पैकी ९ गुण आले, म्हणजे नैराश्यासाठी सहसा वापरल्या जाणाऱ्या मर्यादेच्या खाली. पण त्या ९ पैकी ७ गुण स्वतःला दोष देणं, काळजी आणि भीती या तीनच प्रश्नांचे होते. नुसती बेरीज बघितली असती तर ‘आई ठीक’ असं लिहून मोकळं होता आलं असतं.

काय केलं

आईबरोबर व्हिडिओ पाहिला, पण आधी बरा भाग. खेळण्याच्या व्हिडिओत एका ठिकाणी तिचा फोन वाजतो, ती मान वळवते, आणि नेमकं तेव्हा बाळ तिच्याकडे टक लावून बघतं. तिने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. “मी बघत नसताना बघते ती?” मग तिनेच बाटलीचा व्हिडिओ लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. समजावण्याचं माझं अर्धं काम तिथे संपलं.

ठरवलं ते थोडक्यात असं. बाळाने मान वळवली की बाटली थांबवायची. पुन्हा तोंड उघडलं तरच द्यायची. झोपेत पाजणं बंद. वजनकाटा घरातून बाहेर; वजन आमच्याकडे आठवड्यातून एकदा. वही वडिलांकडे, आणि त्यात मिलिलिटर लिहायचे नाहीत, ओली दुपटी मोजायची. ती अमुक संख्येखाली गेली, बाळ सुस्त झालं किंवा वजन ठरवलेल्या रेषेखाली उतरलं तर त्याच दिवशी यायचं. ही रेषा आधीच आखून देणं गरजेचं होतं; त्याशिवाय कोणत्याही आईला हात मागे घेणं शक्य नसतं. खेळताना एक गोष्ट करायची आणि थांबायचं. वडिलांनी कामावरून आल्यावर बाळाशेजारी नुसतं आडवं पडायचं, हाक न मारता. काळजीसाठी आईची समुपदेशकाकडे वेगळी सोय केली.

पहिला आठवडा वाईट गेला. दूध ५४०वर आलं, वजन ४० ग्रॅमने उतरलं. वही वडिलांकडे असूनही आकडा आईला पाठ होता. आजींचं म्हणणं, “बाळ उपाशी ठेवायचं हा कुठला उपचार?” प्रश्न रास्त होता. दुपटी पुरेशी ओली होती, वजन रेषेच्या वर होतं, म्हणून आणखी आठवडा थांबायचं ठरलं. दुसऱ्या आठवड्यात एडीबीबी पुन्हा केली : ९. एका निरीक्षणावर विसंबू नये हा नियम आहेच. इथे त्यातून कळलं की पहिल्या दिवशीचं वागणं नव्या जागेचा परिणाम नव्हतं.

बदल प्रथम वडिलांना दिसला. शेजारी पडलेले असताना बाळाने त्यांच्या शर्टाची गुंडी धरली. त्यानंतर काही दिवसांनी भुकेने रडली, खणखणीत. आजींना ते आवडलं नाही. आम्हाला फार आवडलं. महिन्याअखेरीस दूध ७००च्या पुढे, हिमोग्लोबिन १०.१. सहाव्या आठवड्यात गुण ५, तीन महिन्यांनी २. वजन वाढीच्या तक्त्यातल्या आपल्या जुन्या रेषेवर परतलं.

श्रेय कशाला

दोन उपाय एकाच वेळी सुरू केले होते, त्यामुळे लोहाचा वाटा किती आणि थांबण्याचा किती हे सांगता येत नाही. रक्त वाढल्यामुळे भूक आणि तरतरी आली असेल. दादाकडे ती आधीपासून वळत होती, यावरून मला वाटतं की नुसत्या थेंबांनी हे झालं नसतं. पण हे मत आहे, पुरावा नव्हे. आणि रक्त तेवढं कमी असताना वेगळेपणाने तपासण्यासाठी थेंब उशिरा देणं कुणी मान्यही केलं नसतं.

सुधारित आठव्या महिन्यात ती आली तेव्हा मला बघताच ओठ काढून रडली आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं. आई धास्तावली, “परत सुरू झालं का?” नव्हतं. अनोळखी माणसाला घाबरून ओळखीच्या माणसात लपणं हे या वयाचं काम आहे. थोड्या वेळाने ती खांद्यावरून माझ्याकडे चोरून बघत होती, आणि मी बघितलं की पुन्हा लपत होती.

पुढचं वेळापत्रक : लोह सुधारित नव्हे तर जन्मापासूनच्या १ वर्षापर्यंत, मधे एकदा हिमोग्लोबिन. बोलण्याची आणि एकूण विकासाची तपासणी सुधारित ९, १२ आणि १८ महिन्यांना. ऑटिझमचा वडिलांचा प्रश्न १८ महिन्यांच्या तपासणीत पुन्हा घ्यायचा, असं फाइलच्या पहिल्या पानावर त्यांच्यासमोर लिहून ठेवलं. चमच्याने भरवणं सुरू झालं आहे. चमचा बाळाच्याच हातात द्यायचा, भिंती रंगल्या तरी. त्यावर आजींचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.